नियम क्रमांक सतरा

१

अकरा वाजून दहा मिनिटांनी ढब्बू नाहीसा झाला आणि अकरा वाजून बारा मिनिटांनी सगळा स्टुडिओ माझ्याकडे बघायला लागला.

कारण एवढंच की मी पंच. ‘आमचं घर, आमचं शेपूट’ या कार्यक्रमात कुटुंबं आपापल्या कुत्र्यांना घेऊन अडथळे ओलांडतात, लपवलेल्या चपला शोधतात, पडद्याआडचा आपला माणूस ओळखतात. त्यात कोणी लबाडी केली तर ती पकडायचं काम माझं. त्याआधी वीस वर्षं मी व्हॉलीबॉलच्या सामन्यांना पंच होते. जाळीला हात लावून वर ‘नाही लावला’ म्हणणाऱ्यांचे चेहरे वाचण्यात माझं आयुष्य गेलं. कुत्रे खोटं बोलत नाहीत, तेव्हा हे काम सोपं जाईल असं वाटलं होतं. कुत्र्यांबरोबर माणसंही येतात, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

दुपारी चार वाजता अंतिम फेरीचं चित्रीकरण होतं. फेरीत तीन कुटुंबं होती. एक पैलवानाचं. त्याची व्यायामशाळा आहे आणि त्याचा कुत्राही त्याच्यासारखाच छाती काढून चालतो. दुसरं तिघी बहिणींचं, पण त्या अजून विश्रामगृहातून निघालेल्याच नव्हत्या, म्हणून त्यांना या गोष्टीतून वगळलं तरी चालेल. तिसरं घड्याळजींचं.

घड्याळजी म्हणजे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मुलगा जहाजावर इंजिनिअर, मुलगी परमुलखात नर्स. दोघं या कार्यक्रमासाठी म्हणून आले होते, कारण आमच्या नियमाप्रमाणे कुटुंबात किमान तीन माणसं लागतात आणि घड्याळजींच्या घरात एकच होतं. आणि ढब्बू. तपकिरी, जाडजूड, एक कान वर आणि एक खाली, बायको गेली त्याच वर्षी आलेला. त्याला कुठल्या जातीचा म्हणावं यावर आमच्या डॉक्टरांनी हात टेकले होते.

“मी जरा बाथरूमला गेलो होतो,” घड्याळजी म्हणाले. ते तीन नंबरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. “मुलं मेकअपला. परत आलो तर दार उघडं आणि हा नाही.”

त्यांचे हात गुडघ्यांवर होते. आयुष्यभर बारीक कामं केलेले ते हात रिकामे होते. या माणसाचं काही हरवलं असेल तर ते सगळंच हरवलं आहे, हे सांगायला पंच लागत नाही.

मी खोली पाहिली. पट्टा खुंटीवर होता. बिस्किटांची पिशवी जागच्या जागी होती. कोपऱ्यात जमिनीवर पाण्याचा ओला गोल उमटलेला होता.

पण पाण्याचं भांडं नव्हतं.

२

“बाहेरच गेलाय तो,” आमची निर्माती म्हणाली. “इमारतीत असता तर आत्तापर्यंत आपले कान फाटले असते.”

ते मात्र खरं होतं. ढब्बूला बंद खोलीत एकटं ठेवलं की तो असा काही गळा काढतो की पहिल्या फेरीत आम्हाला चित्रीकरण थांबवावं लागलं होतं. तेव्हा आमच्या श्वानशिक्षकानं त्याला पाच मिनिटं कोंडलं होतं, आणि आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या माणसानं कानावरची टोपणं काढून फेकली होती. दुसऱ्यांदा घड्याळजींच्या मुलानं तोच प्रयोग केला, तोच तमाशा झाला. त्यामुळे सगळेजण अंगणात, वाहनतळावर, कुंपणाकडेनं ‘ढब्बू, ढब्बू, ये’ करत फिरत होते. इमारतीतल्या बंद दारांकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी स्वतः विचारलं.

“बाई, कुत्रा सोडा, मांजरसुद्धा गेलं नाही इथनं,” तो म्हणाला. “फाटक सकाळपासून बंद आहे. मी जागचा हललो नाही.”

“चहालासुद्धा नाही?”

“चहा इथंच येतो. त्याचसाठी तर ही नोकरी धरलीय.”

म्हणजे ढब्बू बाहेर गेला नव्हता. आणि आत असता तर ओरडला असता. एका वाक्याला धरावं तर दुसरं हातातून सुटत होतं. तिसरी शक्यता माझ्या मनात आली आणि ती मला आवडली नाही. कुत्र्याला कायमचं गप्प करता येतं.

मी पैलवानाच्या खोलीचं दार वाजवलं.

३

“माझ्यावर संशय?” पैलवान म्हणाला. तो आपल्या कुत्र्याचे दात घासत होता. “अहो पंचबाई, मला त्या ढब्बूला हरवायचंय. पळवायचं कशाला?”

“परवा तुम्ही म्हणालात, हा बेडकासारखा कुत्रा अंतिम फेरीत आलाच कसा.”

“म्हणालो. आलाच कसा हे मला अजूनही कळलेलं नाही.” त्यानं ब्रश खाली ठेवला. “पण तो नाही आला तर काय, आम्हाला पुढे चाल मिळणार ना?”

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या मनात लख्ख ऊन होतं. नियमपुस्तिका त्यानं उघडूनही पाहिलेली नव्हती. ती मीच लिहिली आहे आणि गेल्या तीन वर्षांत ती कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. एखादा कुत्रा अचानक खेळू शकला नाही तर कोणालाही पुढे चाल मिळत नाही. नियम सतरा. पैलवानाला ढब्बू पळवून मिळण्यासारखं काही नव्हतं, आणि हे त्याला ठाऊक नव्हतं. तरीही मी त्याला सोडलं, कारण कुत्रा पळवणारा माणूस त्याच्या पाण्याचं भांडं बरोबर नेत नाही. ज्याला त्या कुत्र्याच्या तहानेची काळजी आहे, तोच नेतो.

श्वानशिक्षक भेटला तो घामानं निथळत. “मी त्याला शिस्त लावायला हवी म्हणालो होतो, हे खरंय,” तो म्हणाला. “पण माझ्याच्यानं तो गप्प बसत असता, तर पहिल्याच फेरीत नसता बसवला?”

हे बिनतोड होतं.

राहिली घरचीच माणसं. मुलगी मला कपडेपटासमोरच्या बोळात सापडली, फोन हातात घेऊन. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“काल तुम्ही निर्मातीला विचारलं होतं,” मी म्हटलं, “की हे सगळं लवकर उरकता येईल का.”

“हो. माझी रजा आज संपतेय. तिकडे माझ्या वॉर्डात माणसं कमी आहेत.” तिनं फोन पर्समध्ये टाकला. “पण म्हणून मी ढब्बूला काही करीन? बाबांचं दुसरं कोण आहे हो?”

असं बोलल्यावर ती एकदम थांबली. आपणच काय बोललो ते तिच्या कानावर पडलं असावं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, “एक गोष्ट मला कळत नाहीय. आम्ही सगळे तासभर घसे फोडतोय. बाबांनी त्याला एकदासुद्धा हाक मारलेली नाही.”

४

मी घड्याळजींकडे परत गेले. कोणीतरी त्यांच्यापुढे चहा ठेवला होता. त्यावर साय धरली होती.

“तुम्ही हाक मारून बघा ना,” मी म्हटलं. “तुमचा आवाज तो ओळखेल.”

“घसा बसलाय,” ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. त्यांनाही तो ऐकू आला. त्यांनी खाकरल्यासारखं केलं आणि विषय बदलला. “आता फेरी आठ दिवस पुढे जाईल, नाही का? आणि राहायची सोय?”

“ती चालू राहते.”

“मुलांचीही?”

“सगळ्या कुटुंबाची.”

“हो, तसंच आहे ते,” ते म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले.

मी बोळात येऊन उभी राहिले. पैलवानाला पुढे चाल हवी होती. निर्माती मला विचारत होती की आता काय करायचं. मुलाला वाटत होतं की फेरीच रद्द होईल. आठ दिवस हा आकडा आख्ख्या इमारतीत फक्त दोन माणसांना माहीत होता. एक मी, जिनं तो लिहिला. आणि दुसरा माणूस आत्ताच मला तो सांगून मोकळा झाला होता.

पण मग ढब्बू गप्प कसा?

इथं माझं घोडं अडलं. हेतू कळून उपयोग नसतो. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे दाखवता आलं पाहिजे. मी जिना चढून संकलकाकडे गेले. अंधाऱ्या खोलीत पडद्यांसमोर बसणारा माणूस तो, आठवडा-आठवडा त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्यामुळे मला बघून त्याला भलताच आनंद झाला.

“घड्याळजींच्या घरी जे चित्रीकरण केलं होतं ना,” मी म्हटलं, “त्यातलं जे वापरलं नाही ते दाखव.”

“ते? त्यात काहीच नाही. नुसता कुत्रा झोपलाय.”

“किती वेळ?”

“पाऊण तास,” तो म्हणाला. “म्हणून तर वापरलं नाही.”

५

कोपऱ्यात नुसत्याच चालू ठेवलेल्या कॅमेऱ्यातून पडद्यावर घड्याळजींच्या घराचं दार दिसलं. आधी मुलगी बाहेर पडते. ‘बाबा, जाते मी, तासाभरात उरकते,’ म्हणते. आतून घड्याळजींचा आवाज येतो, ‘जाते काय म्हणतेस, येते म्हणावं.’ ती हसते आणि तशीच जाते. दार लागतं. ढब्बू नखांनी दार ओरबाडतो आणि गळा काढतो. घड्याळजी त्याला जवळ घेतात.

मग थोड्या वेळानं घड्याळजी पिशवी घेऊन निघतात. ढब्बूचं पाण्याचं भांडं भरतात आणि दाराजवळ आणून ठेवतात. वाकून त्याच्या खाली पडलेल्या कानाला हात लावतात. ‘येतो रे,’ म्हणतात.

ढब्बू दाराला नाक लावून आडवा होतो, आणि संपलं. पाऊण तास. बाहेरून भाजीवाला ओरडत जातो, शेजारचं कोणी जोरजोरात दार वाजवतं, फोन वाजतो. ढब्बू हूं की चूं करत नाही. मग दार उघडतं. घड्याळजी आत येतात. ‘आलो रे.’ आणि तो टुणकन उठतो.

“बघ, मी म्हटलं नव्हतं, काहीच नाहीये,” संकलक म्हणाला.

मीही एकटीच राहते. घरात कोणी नसताना कुलूप लावताना मीसुद्धा ‘येते गं’ म्हणते, आणि कोणाला म्हणते ते मला आजवर ठाऊक नाही. आई गेल्यापासूनची सवय आहे. या म्हाताऱ्याचं ‘येतो’ ऐकायला निदान कोणीतरी होतं, आणि त्यानं तो शब्द खरा धरला होता. नऊ वर्षं रोज तो खरा झाला होता.

म्हणजे ढब्बू आतच होता. घड्याळजींचे गुडघे जिना चढू देत नाहीत. तळमजल्यावर, तीन नंबरच्या खोलीपासून वीसेक पावलांवर, बाहेरून कडी लागणारी एकच खोली होती. कपडेपटामागची इस्त्रीची खोली. इस्त्रीवाला चार दिवस रजेवर होता. आणि त्या दारावरून आम्ही सगळे तासभर ‘ढब्बू, ढब्बू’ करत गेलो होतो.

मी सगळ्यांना तिथं बोलावलं.

६

कडी मी काढली. दार बाहेरच्या बाजूला उघडलं.

ढब्बू तिथंच होता. दाराला नाक लावून पडलेला, शेजारी पाण्याचं भांडं. त्यानं डोळे वर करून आमच्याकडे पाहिलं आणि हनुवटी परत फरशीवर टेकली.

“अरे, सापडला,” निर्माती म्हणाली. “ढब्बू, ये, ये बाळा.”

ढब्बू हलला नाही. श्वानशिक्षकानं बिस्किट दाखवलं. पैलवानानं चुटक्या वाजवल्या. मुलगा गुडघ्यावर बसून म्हणाला, “ढब्ब्या, चल की रे.” मुलीनं तर त्याला उचलायलाच हात घातले, तेव्हा त्यानं अंग इतकं जड केलं की तिला ते जमेना. शेपटी हलत होती, म्हणजे राग नव्हता. फक्त त्याला सांगितलेलं काम अजून संपलं नव्हतं.

“आजारी आहे का हा?” मुलानं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “वाट बघतोय.”

घड्याळजी सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे होते. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मग एकेकाची मान वळली. शेवटी मुलीची वळली.

ते पुढे आले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला, आणि तेवढा वेळ कोणी हललं नाही. दाराशी येऊन ते थांबले. हाक मारावी तर सगळं उघडं पडणार, न मारावी तर ढब्बू तिथंच पडून राहणार. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना स्वतःचं काहीच आठवत नसावं. त्यांना फक्त दिसत होतं की हा किती वेळ इथं पडलाय.

“आलो रे,” ते म्हणाले.

ढब्बू टुणकन उठला, आणि बोळात दोन गिरक्या घेऊन त्यांच्या पायांशी येऊन आदळला.

७

पैलवान तोंड उघडणार होता, पण निर्मातीनं त्याला दंडाला धरून नेलं. बाकीचेही पांगले. मी थांबले, कारण निर्णय मला द्यायचा होता.

“बाबा, का?” मुलगा म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाला किनाऱ्यावरची काही गणितं येत नाहीत.

“तुझ्या कंपनीच्या पत्रात लिहिलंय ना, चित्रीकरण संपेपर्यंत रजा,” घड्याळजी म्हणाले. “हिच्याही तसंच. आज संपलं की रात्रीची विमानं. मी पुस्तिका वाचली. सतरावा नियम बरा वाटला.” ते ढब्बूच्या कानाशी चाळा करत होते. “आठ दिवस म्हणजे काही फार नाही. जेवायला तिघं बसतो आपण, तेवढंच.”

“सांगायचं ना तुम्ही,” मुलगी म्हणाली. “थांब म्हणून सरळ सांगायचं.”

“सांगितलं असतं तर थांबली असतीस?”

खोटं बोलायला ती जागा फार सोयीची होती. कोणीही बोललं असतं, मीसुद्धा बोलले असते. तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, “नाही, बाबा.”

घड्याळजींनी मान हलवली. “मग माझं काही चुकलं नाही,” ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. बंद घड्याळ उघडून दोष दाखवावा, तसं त्यांनी ते सांगितलं. तेच ऐकून मला तिथं उभं राहवेना. मुलीचा मला राग आला नाही. मी माझ्या आईला असंच कितीदा तरी ‘पुढच्या महिन्यात’ म्हटलं होतं, आणि ते खोटं होतं.

“पंचबाई,” घड्याळजी माझ्याकडे वळले, “आम्ही बाद ना?”

“नियम नऊ,” मी म्हटलं. “मुद्दाम अडथळा आणणारं कुटुंब बाद.”

“वाचलाय तो पण,” ते म्हणाले. “आणि विमानतळाच्या गाड्या किती वाजता?”

“चित्रीकरण संपलं की लगेच. त्याआधी चालक सोडता येत नाहीत.”

“म्हणजे साधारण सहा.”

“साधारण सहा.”

त्यांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. आठ दिवस मागितले होते, हातात आले जेमतेम पाच तास. मुलीनं त्यांचा दंड धरला आणि ते चौघं प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे गेले.

अंतिम फेरी दोनच कुटुंबांत झाली. पैलवानाचा वाघासारखा कुत्रा आणि तिघी बहिणींची पांढरी कुत्री. मी मैदानाच्या कडेला माझ्या जागी होते. पहिल्या रांगेत घड्याळजी मधे, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी, पायांवर ढब्बू. खेळाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते थोडा वेळ डावीकडे बघत, थोडा वेळ उजवीकडे. मुलगा त्यांना जहाजावरचं काहीतरी हातवारे करून सांगत होता. मुलगी त्यांच्या शर्टाचं सुटलेलं बटण हातात धरून बसली होती.

पावणेसहाला पैलवानाचा कुत्रा अर्ध्या नाकानं पुढे पोचला. टाळ्या सुरू झाल्या. गाड्यांचे चालक दाराशी येऊन उभे राहिलेले मला दिसले.

मी हात वर केला.

“धावपट्टीच्या लांबीबद्दल मला शंका आहे,” मी म्हटलं. “मोजावी लागेल.”

पैलवान ओरडला. माझ्या कानातल्या यंत्रातून निर्माती जे बोलली ते इथं लिहिता येणार नाही. कामगार मोजपट्टी घेऊन आले, गुडघ्यावर बसून इंच इंच सरकत मोजत गेले. दोन्ही पट्ट्या अगदी बरोबर भरल्या. त्या बरोबर भरणार हे मला माहीत होतं, सकाळी मीच त्या मोजल्या होत्या.

पहिल्या रांगेत तिघं कशावर तरी हसत होते.

“आता दुसऱ्या टोकाकडून मोजा,” मी म्हटलं.